छप्पर

स्पोदेक म्हणजे बशी.
कातोवित्सेच्या मधोमध पालथी पडलेली ही बशी
मी पहिल्यांदा आतून पाहिली तेव्हा सतरा वर्षांची होते
आणि पायात एवाल्डचे बूट होते,
पुढे मोजे कोंबलेले, बसावेत म्हणून.
त्याला खाणीत लागून तेव्हा वर्ष झालं होतं.
तिकिटं त्याच्याच पगारातली.

पाचही जण माझ्यापासून पंधरा हातांवर.
बास वाजवणाऱ्याचं तुटकं नख दिसत होतं,
ड्रमरच्या कोपराची सुटत आलेली चिकटपट्टी.
दुसरं गाणं संपेपर्यंत हजारो अंगांचा घाम
वर जाऊन छताला थंड पडला
आणि थेंबाथेंबानं आमच्यावरच गळू लागला.
मी जीभ बाहेर काढली. खारट.
कुणाचा, ते विचारू नका.

बशीत ओतला की चहा लवकर ओठाला लागतो,
तसं तिथलं गाणं.
भाजायचं, पण लगेच.

एवाल्ड मात्र दाराशी. दर खेपेला.
"बिअर जवळ पडते," म्हणायचा.
मी त्याला शिव्या घालायचे,
एवढे पैसे मोजून दाराची कडी धरायला आलास का म्हणून.
तिसऱ्या वर्षी बासच्या एका लांब सुरावर
छतातून मूठभर धूळ सुटली,
लोकांनी हात वर करून ती झेलली, ओरडले,
आणि मी वळून पाहिलं तर दाराशी कुणी नाही.
ट्रामच्या थांब्यावर सापडला.
ओठात सिगरेट, उलट्या टोकानं पेटवलेली.
मी हसले होते.

मग बँड मोठा झाला, बशीत मावेना.
होझूफचं स्टेडियम: परात.
आम्ही मैदानात, पार मागे, प्लास्टिकचे रेनकोट घालून.
गायक करंगळीच्या नखाएवढा,
पडद्यावर मात्र त्याच्या दाढीतले पांढरे केस मोजून घ्यावेत.
आधी ओठ हलायचे, मग शब्द पोचायचा,
मधल्या फटीत शेजारचा माणूस
बायकोला फोनवर सांगून मोकळा व्हायचा
की गॅस बंद केलाय, हो, नक्की केलाय.
वारा एखादी ओळ मधूनच उचलायचा
आणि बितोमच्या दिशेला घेऊन जायचा,
तिकडे कुणीतरी बाल्कनीत कपडे काढताना
आमच्या पैशांची ती ओळ फुकट ऐकत असेल.

मी कुरकुरले. खूप कुरकुरले.
याला कार्यक्रम म्हणायचा
की टपालानं आलेलं पत्र, तेही ओलं?

एवाल्ड काही बोलला नाही.
ते संथ गाणं लागलं होतं,
ज्याच्यावरून आम्ही लहानपणी कॅसेटची ओढाताण केली
आणि फीत तुटली, ते.
त्याचं मंचाकडे लक्षच नव्हतं.
मान पूर्ण मागे टाकलेली, तोंड किंचित उघडं,
रेनकोटची टोपी खाली पडलेली, पाऊस सरळ चेहऱ्यावर.
ढगांखाली दोन-चार पाकोळ्या.
एकोणतीस वर्षं, सहाशे मीटर खाली.
"बेर्नादेता," तो म्हणाला, "वर बघ."
मी बघितलं.
"काहीच नाही," तो म्हणाला,
लॉटरी लागल्यासारखा.

तेव्हा मला ती सिगरेट आठवली.

खोटं कशाला बोलू, मला अजून बशीच आवडते.
आणि या डिसेंबरात ते पुन्हा बशीत वाजवणार आहेत,
म्हातारे झालेत, परात आता भरत नाही.
दोन तिकिटं काढू का, मी फोनवर विचारलं.
एकच काढ, म्हणाला, मी बाहेर बाकावर बसेन.
बाहेर काय ऐकू येणार तुला, डोंबल?
"बास येतो की जमिनीतून.
जमिनीतून काय काय येतं
ते तू मला सांगू नकोस."