ठसा

माझगावच्या धर्मादाय दवाखान्यात आठ संगणक,
आठही कुणी ना कुणी टाकून दिलेले,
आणि त्यांच्या आत चालतं ते सगळं फुकट,
म्हणजे कुणीतरी रात्री जागून केलेलं.
मी देखभालीला जाते, मंगळवारी आणि शुक्रवारी.

दिवाळीनंतर छपाईत जोडाक्षरं फुटू लागली.
यज्ञेश्वर पागधरेंच्या चिठ्ठीवर
ज् एकीकडे लंगडा, ञ भलतीकडे.
म्हातारे म्हणाले, "औषध बरोबर आहे ना?
मग नावाचं राहू दे."
मला राहू देता येईना.

अधिकृत भांडारात होती दोन वर्षांपूर्वीची आवृत्ती,
आरेच्या बाटलीतल्या दुधासारखी,
पातळ, पण सीलबंद.
आणि बाहेर, 'खारफुटी' नावाच्या कुणाकडे
दुरुस्त केलेली, ताजी.
ही एक ओळ टाका, पासवर्ड द्या, झालं.

झालं कसं?
त्या पासवर्डामागे अख्खं घर आहे,
कुणाची थुंकी तपासायला गेली,
कुणी नवऱ्याला न सांगता आली होती.

भायखळ्याच्या पुलाखाली रियासत किल्लीवाला बसतो.
साबणावर उठवलेला ठसा नेलात
तर तो हातसुद्धा लावत नाही.
"ताला लाओ, नहीं तो घर दिखाओ."
पलीकडचा पोरगा दहा मिनिटांत करून देतो,
काही विचारत नाही, हसतो छान.
एंटरवर बोट ठेवून
मी त्या पोराचं हसू आठवत बसले.

मग सिस्टर फिलोमिनाला हाक मारली.
तिने पडद्यावरचा ठसा वाचून दाखवला,
चार-चार अक्षरं, रक्तगट सांगावा तशी,
मी दुसरीकडून उतरवलेल्या कागदावर खुणा करत गेले.
चाळीसच्या चाळीस जुळली.
"म्हणजे माणूस चांगला?"
सिस्टर, एवढंच कळलं,
की काल सही केली त्यानेच आजही केली.
चांगला का, ते ठशात उमटत नाही.
"मग आपल्या सगळ्यांसारखंच," म्हणाली,
आणि सुया मोजायला निघून गेली.

आठव्या संगणकाची नेटची वायर उपटली.
खारफुटीचं जे काही, ते फक्त त्याच्यावर.
चिठ्ठ्या पेनड्राइव्हवर न्यायच्या आणि तिथे छापायच्या,
कंपाउंडर दळवी महिनाभर कुरकुरला.
पागधरेंनी मात्र चिठ्ठी दिव्याखाली धरली,
नाव दोनदा वाचलं,
घडी न घालता खिशात ठेवली.

फेब्रुवारीत दुरुस्ती अधिकृत भांडारात आली.
बदलांची यादी मी शेवटपर्यंत वाचते, सवय आहे.
तळाशी नाव: खारफुटी.
तेच हात.
मधल्या काळात तिघांनी उलटंसुलटं करून पाहिलेलं,
एकाने एक अर्धविराम हलवलेला,
एवढाच फरक.
एवढा फरक.

सातही संगणक त्या रात्री नवे केले.
आठव्याची वायर अजून खिळ्याला टांगलेली आहे.
दर मंगळवारी जोडायला जाते
आणि दुसरंच काहीतरी काम आठवतं.