खिमड

गवती चहा यंदा कुंडीतलाच,
सतराव्या मजल्यावरच्या वाऱ्याला वैतागलेला.
पाती कापताना बोट कापलं.
बाबा म्हणाले, चला, सुरुवात झाली.

मिस्साहून परतलो तेव्हा दीड वाजलेला.
खाली घोडबंदर रोड चक्क रिकामा,
क्रेन मान खाली घालून झोपलेली,
आणि आमच्या स्वयंपाकघरात
रात्रभर ब्लँकेटखाली फुगलेलं पीठ
परातीच्या कडेवरून बाहेर डोकावत होतं.
पूर्वी त्यात ताडी पडायची.
आता यीस्टची पुडी, सुपरमार्केटची.
रेमेत आत्या मुठीतून गोळा पिळते, अंगठ्याने तोडते,
फुगा तेलात पडतो, स्वतःच उलटतो.
"बघ, याला शिकवावं लागत नाही," हे मला उद्देशून.

बाबा ओट्याशी, प्लास्टिकच्या खुर्चीत.
वागळे इस्टेटीत छत्तीस वर्षं लेथ चालवलेला माणूस,
अर्ध्या सुताचा फरक नुसत्या नजरेने ओळखणारा.
पण खिमडाचं माप विचारा.
दालचिनी?
"असते ना, तेवढी."
लवंगा?
"मोजू नको. मोजल्या की कमी पडतात."
साखर?
"रेमेतला आवडेल त्याच्या निम्मी."
"मी ऐकतेय बस्त्याव," तेलाच्या आवाजातून आत्या.

डॉक्टरीणबाईंनी सप्टेंबरात लिहून दिलंय:
एक थेंबही नाही.
'थेंबही'खाली दोन रेघा.
कागद फ्रिजवर, मेरीमाउलीच्या चुंबकाखाली, सगळ्यांना दिसेल असा.
म्हणून पळी पहिल्यांदाच माझ्या हातात.
आमच्याकडे खिमड पुरुषांनी करायचं,
बायकांनी सोरपोतेल सांभाळायचं, तीन दिवस,
रोज उकळी द्यायची, रोज चव बघून म्हणायचं, अजून नाही.
एकविसाव्या वर्षी मला पहिला पेला मिळाला. अर्धा.
त्याच रात्री ऑस्विनला, अठराव्या वर्षी, पूर्ण.
आज तो कुवेतमध्ये, फोनच्या चौकटीत,
कोऱ्या चहात दालचिनी बुडवून बसलाय
आणि म्हणतो, इथूनसुद्धा वास येतोय गं.
काहीतरीच.

पाणी तांबूस झालं. वेलची उघडली.
काचेवर वाफ धरली, खाडी पुसली गेली.
मी ब्रँडीची बाटली तिरकी केली
आणि बाबा ओरडले, आच! आधी आच बंद कर!
तोवर निळी ज्योत पातेल्याच्या काठावरून चालत
बाटलीच्या तोंडाशी आलेली.
मी बाटली मागे ओढली. झाकण घातलं. गॅस बंद.
करपलेल्या भुवईचा वास, थोडासा,
मसाल्यांच्या वासात मिसळलेला.

कुणी बोलेना.
मग बाबा हसायला लागले, खोकला येईपर्यंत.
"माझी आई अशीच पारखायची," म्हणाले,
"दारूवाला गावठी घेऊन आला की बशीत ओतायची, काडी लावायची.
निळी पेटली तर पैसे.
पिवळी पेटली तर शिव्या."
आजी प्यायची?
बाबा आत्याकडे बघतात. आत्या फुग्यांकडे.
"उंबराच्या पाण्याला," आत्या म्हणते, "फक्त.
आणि लग्नं फार असायची तेव्हा."

पेले भरले. बाबांपुढेही एक ठेवला,
नुसता धरायला, असं ठरलं होतं.
ते मी काय करते ते बघत राहिले.
पहिला घोट: जीभ भाजली, मग छाती,
मग पार तळपायापर्यंत काहीतरी सैल होत गेलं.
"लवंग जास्त झाली," बाबा म्हणाले,
माझ्या तोंडाकडे बघून.
खरंच झाली होती.

अडीचला ऑस्विनची रेंज गेली.
आत्या सोफ्यावर कलंडली, फुगा हातातच.
मी बाटली मसाल्याची बिअरची बाटली
बूच घट्ट लावून वरच्या फळीवर ठेवली,
परत आले, बाबांचा पेला उचलला.
गार झालेला.
आणि काठापासून एक बोटभर खाली.

मी त्यांच्याकडे बघितलं.
"वाफ," ते म्हणाले.
मी पेला विसळला.
फ्रिजवरचा कागद पंख्याने जरासा हलला,
चुंबक सरळ केलं,
आणि उरलेल्या खिमडावर बशी झाकली. सकाळी लोक येतील.