दोन्ही बाजूंनी

घाडी आणि हिरेमठ एकाच स्कूटरवरून आले,
वहीचं फाडलेलं पान घेऊन.
पानावर रीळ, सिंह, उगवता सूर्य,
कित्तूरच्या किल्ल्याची कमान,
आणि शंख. शंखातून निघणारा कॅमेरा.
"सगळं घाल की पेंटर," घाडी म्हणाला,
"पैसे देऊलालोय न्हवं?"

चाळीस वर्षं शहापुरात पाट्या रंगवतोय मी.
दातांचे डॉक्टर, कुंदा, पिठाची गिरणी.
टपालाच्या तिकिटाएवढं केल्यावर जे ओळखू येत नाही
ते होर्डिंगवर नुसतंच मोठं असतं.
मी सिंह काढला. लहान केला.
मांजर झालं.
आणखी लहान केल्यावर डाग.
हिरेमठ हसला. घाडी नाही हसला.

मग अक्षरांवर आलो.
मराठीला वरून एकच दोरी, सगळी तिला लोंबकळतात.
कन्नडला ज्याचा त्याचा तुरा.
माझ्या हाताला दोन्ही सवयीची,
पण वर कुठलं, खाली कुठलं, कुठलं किती बोटं मोठं
हे ब्रश ठरवत नाही.
आजवर माझ्या तीन पाट्यांवर डांबर बसलंय,
दोन इकडच्यांचं, एक तिकडच्यांचं.
डांबर चांगलं असतं तसं. एका हातात झाकतं.

चहा आला.
हिरेमठनं बशीत ओतला, फुंकला,
आणि नंदगडच्या जत्रेतली तंबूची टॉकीज सांगायला लागला.
पडद्यापुढं आठ आणे, पडद्यामागं चार.
तो कायम मागं.
"मीबी मागंच की रे!" घाडी एकदम म्हणाला.
तीस वर्षांची दोस्ती, आणि हे दोघांना आज कळलं.
"हिरो डावखुरा वाटायचा."
"हौदु, गोळी डाव्या हातानं."
"मंगळसूत्रसुद्धा."
आणि नावं यायची तेव्हा?
हिरेमठनं बशी खाली ठेवली.
"तिकडनं मराठी काय, कन्नड काय,
सगळं सारखंच उलटं."

मी पेन्सिल उचलली.
दोन बांबू. मध्ये कापड,
खालच्या कडेला वाऱ्यानं थोडं पोट आलेलं.
कागद पालथा करून दाराच्या काचेवर धरला.
तेच.

"गोलपोस्ट दिसूलालंय," घाडी म्हणाला.
मी चहावाल्या तौसीफला बोलावलं,
चित्र एकदा दाखवलं, झाकलं, म्हटलं, काढ.
त्यानं उधारीच्या चिठ्ठीमागं तीन रेघांत काढलं,
बांबू जरा तिरके, आत झुकलेले.
माझे सरळ होते.
मी त्याचे ठेवले.

"सोनेरी तरी कर."
काळं, मी म्हटलं. एका रंगात जगू दे आधी.
झेरॉक्सची झेरॉक्स काढून आणा,
तरी दिसलं पाहिजे.

आता ते त्यांच्या टेम्पोच्या काचेवर चिकटवलंय.
दिवे, वायरी, घडीच्या खुर्च्या भरून
टेम्पो शिनोळीकडे जातो
तेव्हा रस्त्यावरच्याला जे दिसतं
तेच आत बसलेल्या ड्रायव्हरला.
एका टेलरनं विचारलं म्हणे, साड्या वाळत घातल्यात काय?

पहिला पिक्चर कुठल्या भाषेत
यावर दोघांचं अजून वाजूलालंय.
माझं अर्धं बिल बाकी आहे.