पोहे कसे झाले

पहिला बाणेरचा.
काचेच्या खोलीत, कुंडीतल्या भल्यामोठ्या पानाखाली बसून
त्यानं अ‍ॅव्होकाडो टोस्टवर लिंबू पिळलं
आणि विचारलं, "पाच वर्षांनी तू स्वतःला कुठं बघतेस?"
मी म्हटलं, चांदणी चौकात. चुकीच्या पुलावर.
तो हसला नाही.

कल्याणीनगरला पाऊण तास बाहेर बाकावर,
वहीत नाव लिहून. आतून पोरगा ओरडला,
"सोडा मिनी! दोन जण!"
सौदामिनी, मी म्हटलं, आणि आत गेले.
समोरचा तोवर तीन केकचे फोटो काढून
आपल्या आईला पाठवत होता.

रविवारी दीडला घरी पोचले
की चप्पल काढायच्या आत आईचा प्रश्न,
"पोहे कसे झाले?"
आई, शक्षुका होता.
"तेच ते."

मी चाकणला गिअरचे दात तपासते.
केसाएवढी भेग असली तरी
जांभळ्या दिव्याखाली हिरवी चमकते.
माणसांसाठी असा दिवा निघालेला नाही,
तिथं फक्त बिल येतं.
एकानं सगळं दिलं
आणि जिना उतरताना मला आकडा सांगितला.
एकानं निम्मं-निम्मं केलं, पण माझ्या कॉफीतल्या
ओटच्या दुधाचे साठ रुपये वेगळे धरले.
(त्याचं बरोबर होतं. तरीही.)

सातवा चांगला होता.
साळुंखे विहार, इंद्रजित तावरे.
ऑर्डर आली तेवढ्यात कंपनीतून फोन, लाइन थांबलेली;
मी फुटपाथवर वीस मिनिटं
बेअरिंग, ग्रीस, कुणाची शिफ्ट, असं बोलत राहिले.
परत आले तर त्यानं स्वतःच्याही आम्लेटला
हात लावला नव्हता.
दोघांनी ते चामड्यासारखं गारढोण खाल्लं,
मजेत खाल्लं.
बुधवारी त्याच्या मामांनी नकार कळवला.
वाईट वाटलं. अजून वाटतं,
डब्यातलं अंडं गार झालं की.

बावधन, औंध, विमाननगर.
कुठला पाव कुठं चिवट निघतो
आणि कुठं स्कूटर लावली की उचलून नेतात,
हे आता मला तोंडपाठ आहे.

बाराव्यानं रविवारी साडेनऊला कळवलं, येत नाही.
भांडारकर रोड, अकराचं टेबल,
पाचशे रुपये आगाऊ, परत मिळणार नाहीत.
"पाचशे?" आई म्हणाली,
आणि मी पंखा बंद करेपर्यंत
साडी बदलून दारात उभी.

तिनं मेनू उलटा-सुलटा केला.
"ब्रंच म्हणजे काय गं?"
नाश्ता आणि जेवण मिळून एकच.
"म्हणजे एक वेळ उपास."
अंड्याला काटा लावला, पिवळं ओघळलं,
तिनं वेटरला बोलावलं, "कच्चं राहिलंय."
"आंटी, हे असंच असतं."
"असं का," म्हणून तिनं ते पावानं
ताट धुतल्यासारखं पुसून घेतलं.

मग, खिडकीबाहेर बघत,
"मला बघायला आठ जण आले होते.
शिरवळला. शहाऐंशी साल.
निरोप चौघांचा होता.
पोहे पुरले नाहीत.
रात्री कढईला चिकटलेलं खरवडलं मी,
ते करपलेलं."
मग कसे झाले होते?
"कुणास ठाऊक. तुझे बाबा म्हणाले, बरे झालेत."

शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस होता,
फुगे छताला जाऊन चिकटले होते.
आईनं पदर सारखा केला,
खुर्ची पुढे ओढली,
दोन्ही हात टेबलावर ठेवले
आणि कुठल्याशा जुन्या काकांच्या आवाजात विचारलं,
"मग, तुम्हाला छंद काय?"

माझ्या तोंडात पाव होता.
हातानं खूण केली,
थांबा, सांगते.