पासंग

सोनं तोलण्याआधी रिकामी पारडी पाहायची,
हे म्हाताऱ्या ऑर्व्हिलनं मला शिकवलं
टिमिन्सच्या खाणीत, प्रयोगशाळेतल्या पहिल्याच दिवशी.
काचेचं दार लाव. श्वास आवर.
काटा शून्यावर बसेपर्यंत हात मांडीवर.
बाहेरून ट्रक गेला तरी पारडं थरथरतं.

तर जानेवारी. उणे चौतीस.
आमच्या बारा जणांच्या कागदी हॉकी लीगची मी कारभारीण
(चिठ्ठी माझ्या नावाची निघाली, एवढीच लायकी)
आणि समोर एक सौदा:
ओडिलाँ देतो हनाचेक, गोलरक्षक, तेवीस वर्षांचा,
शंभरातले ब्याण्णव फटके अडवणारा.
टाउनो देतो मॅक्आर्डल, छत्तिशीचा बचावपटू,
गुडघ्याला दोनदा टाके,
वर एक नवखा पोरगा, तोंडी लावायला.

ल्यूसियँचा फोन आलाच.
"आवळा देऊन कोहळा!
दोघे मेहुणे आहेत, ठाऊक आहे ना? रद्द कर."
ठाऊक आहे. या गावात कोण कुणाचा मेहुणा नाही?

कागद घेतला. गोल, सहाय्य, दंडाची मिनिटं,
उरलेले सामने, कुठल्या आठवड्यात चार, कुठल्यात दोन.
गेल्या वर्षाचे आकडे निम्मेच धरले;
गेलं वर्ष म्हणजे मुशीतलं शिसं,
सोनं गोळा करून आणतं, पण स्वतः सोनं नव्हे.
गुडघ्याचे गुण वजा केले.
गुडघ्याचे किती वजा करायचे असतात?
बाबांचा गुडघा खाणीच्या तिसऱ्या पातळीवर गेला,
आणि पुढे अकरा वर्षं ते त्याच्यावरच उभे होते.
दहा धरले.

काही करा, काटा टाउनोकडेच.

ओडिलाँला विचारलं, का रे?
"नोएला, मी रात्रपाळीला.
पिंजरा ओढणाऱ्या यंत्रापाशी एकटा, सोबतीला रेडिओ.
पश्चिमेचे सामने दहाला सुरू होतात,
मॅक्आर्डल तिकडचा. निम्मा वेळ तो बर्फावर,
दर दोन मिनिटांनी नाव येतं त्याचं.
हनाचेक खेळतो सातला, तेव्हा मी झोपलेला.
माझा असून त्याला एकदाही ऐकलं नाही मी."
अरे, पण हरशील.
"अकरावा आहे मी. बारावा झालो तर काय थंडी वाढणार आहे?"

फोन ठेवला. मग आठवलं, रिकामी पारडी पाहिलीच नव्हती.

मी दुसरी. टाउनो तिसरा.
नोव्हेंबरात हनाचेक मीच मागितला होता,
बदल्यात काय देत होते ते इथे लिहीत नाही.
ओडिलाँ खूप वेळ हसला होता.
मला मात्र तो सौदा अगदी चोख वाटला होता तेव्हा.

म्हणजे काटा झुकत होता त्यातलं थोडं वजन माझं.
किती, ते मोजायला
माझ्याकडे दुसरा तराजू नाही.

कुणी कुणाला फसवलं? नाही.
काय सोडतोय ते दोघांना कळत होतं? हो.
ल्यूसियँ तरी कुठे अगदीच चूक होता:
तळातल्यानं असं सोडत राहिलं
तर वरच्यांची लढत तळातलाच ठरवतो.
त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही.
मंजूर, असं लिहिलं,
आणि ते लिहिताना हात जड झाला
म्हणूनच थोडा विश्वास बसला.

मार्चअखेर टाउनोनं मला मागे टाकलं. तीन गुणांनी.
ल्यूसियँ आठवडाभर काही बोलला नाही, नुसता बघायचा.
मॅक्आर्डलचा गुडघा फेब्रुवारीतच गेला होता.

ओडिलाँ त्यानंतरही रेडिओ लावायचा.
समालोचक कधीमधी सांगे:
मॅक्आर्डल आज वर बसलाय, प्रेक्षकांत, कोट घालून.
आणि चार हजार फुटांवरून माणसं वर आणता आणता
तो आवाज जरासा मोठा करायचा.