साडेसहा

वसमत, दहावी ब,
डब्यानंतरचा पेंगुळलेला तास.
फळा कोराच ठेवलाय.
टेबलावर तराजू: वेळूची काठी, सुतळी, दोन करवंट्या.
हळकुंडं भरून तोंडं शिवलेल्या पुड्या,
प्रत्येकीवर निळ्या शाईत क्ष.
वजनं म्हणून मुजम्मिलच्या भावाच्या गॅरेजातले
एकाच मापाचे नट.

डावीकडे तीन पुड्या नि दोन नट.
उजवीकडे एक पुडी नि चौदा.
“पुडी फोडायची नाही,” मी म्हटलं,
“आत किती, ते सांगायचं.”

समीकरण दिसलं की खिडकीत जाणारा आत्माराम
आज टेबलाशी आला.
दोन्हीकडची एकेक पुडी उचलली,
मग दोन-दोन नट.
दांडी डुलली, थांबली.
दोन पुड्या, बारा नट.
“सहा,” तो म्हणाला,
आणि आपल्याच आवाजाला दचकला.

मी खडू शोधत होते,
तेवढ्यात मोंढ्यातल्या मापाड्याची शिवकांता उठली:
“बाई, आन् तराजूच खोटा असंल तर?”

घंटेला बारा मिनिटं होती.
या प्रश्नाला पुस्तकात पान नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती खोटा तराजू करूनच घेऊन आली.
भोक मधोमध नाही,
आखूड बाजूच्या करवंटीला खालून चिकणमाती.
रिकामा असताना किती सरळ!
कपाळाला गंध लावून बसल्यासारखा.

पुडी या पारड्यात: चार नट.
तीच पुडी त्या पारड्यात: नऊ.
वर्गात दोन पक्ष पडले,
चारवाले आणि नऊवाले,
कालचे सहा कुणालाच आठवेनात.
मी दोन समीकरणं मांडली, गुणली.
दांडीच्या दोन्ही लांब्या
एकमेकींना खाऊन गेल्या.
उरला क्षचा वर्ग. छत्तीस.
दोन खोट्यांच्या गुणाकारात
खरं लपून बसलं होतं,
वर्गमूळ काढायची खोटी.

मग सगळे मैदानात.
आत्मारामची पावलं हे माप,
चार आणि नऊ, तेरा पावलांची रेघ फक्कीनं.
मधोमध खुंटी, दोरी, अर्धवर्तुळ.
चार पावलांवर गुण्या लावून
वर लंब काढला कमानीपर्यंत.
आत्माराम त्यावरून चालत गेला,
टाच, चवडा, टाच, चवडा,
आणि सहाव्या पावलाला
अंगठा कमानीला टेकला.
भूमितीमध्य हा शब्द
कालपर्यंत यांना नुसता पाठ होता.

शाळा सुटताना शिवकांताचे अण्णा आले.
चपला कडेला काढल्या,
जसं काही तिथं खळंच केलंय.
“काटा बिघडला की आम्ही बी फिरवून घ्यायचो,” म्हणाले,
“दोन्ही मापं मिळवायची, अर्धं करायचं.
चार आन् नऊ, तेरा. साडेसहा.”

शिवकांतानं त्यांना खुंटीपाशी उभं केलं.
“तुमचं साडेसहा हितं, अण्णा,
बरोबर मध्यावर, सगळ्यात उंच.
खरं माप त्या तिकडं, सहावर.”

अण्णा साडेसहावरून सहाकडे बघत राहिले.
आखाड्यावर, मोंढ्यात, बाजारात
किती वर्षं फिरवून घेतलं असेल.
बोटं उगाच मिटत-उघडत होती.
“म्हंजे अर्धा नट जास्ती.
कुणाच्या पदरात गेला?”

“माल विकणाऱ्याच्या. दरवेळी.
खुंटीवरची रेघ कधीच आखूड पडत नाही, अण्णा.
दोन्ही मापं सारखी आली तर बरोबरी,
नाही तर तीच उंच.”

फक्कीवरून एक बकरी गेली, कमान फिसकटली.
पुडी अजून कुणी फोडली नव्हती.
अण्णांनी चपला पायात सरकवल्या,
फाटकापर्यंत गेले, परत फिरले,
आणि लेकीच्या कानाशी वाकून
मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले:
“व्यापाऱ्याला सांगू नको.”