चौदा नंबरची किटली

जांबोटीच्या डेअरीत मी दोन याद्या ठेवल्या होत्या:
एकीत नावं, एकीत लिटर.
तिसऱ्या नावाला तिसरा आकडा, चौदाव्याला चौदावा;
शाळेतल्या रांगेवर असतो तेवढा भरवसा.

नाताळच्या आधी इनास गेला.
मी त्याचं नाव पुसलं. आकडा पुसायचा राहिला.

शनिवारी पट्ट्या छापल्या
आणि त्याच्या खालचं अख्खं गाव एक पायरी वर सरकलं.
कल्लाप्पाच्या वाट्याला मेलेल्या माणसाचं शून्य,
बसव्वाला कल्लाप्पाचे बेचाळीस,
शेवटचा आकडा नुसताच उभा, कुणाचाच नाही.
कल्लाप्पा खिडकीत येऊन म्हणाला,
"माझी म्हस आटली म्हणून तुला कोण सांगिटलं गा?"
बसव्वानं पैसे मोजले, परत मोजले,
निम्मे काउंटरवर ठेवले:
"लेक्क तप्पैति, तम्मा."
चूक दोन्ही भाषांत चूकच होती.

त्या रात्री लाईट येत-जात होती.
नाव हीच किल्ली, असं ठरवलं;
प्रत्येक आकडा आपापल्या नावाच्या दावणीला.
पहिल्याच फेरीत रवळू गुरवाचे दोन झाले:
रवळूला दूध नाही, गुरवाला खातं नाही.
नावातली मोकळी जागा यंत्राला फट वाटते.
मग दोन्ही अंगांनी अवतरणचिन्हं लावली,
पाटीतली अंडी फुटू नयेत म्हणून
भाताचं पिंजर खोचतात तशी.

किल्ल्यांना रांग माहीत नसते.
चेअरमन आण्णू सावंत, वीस वर्षं पहिले,
या खेपेला निघाले एकोणिसावे,
बसव्वाच्या मागे, हसीनाच्या पुढे.
चष्मा पुसून पुन्हा वाचत राहिले.
क्रम हवा तर तो वेगळा लिहून ठेवावा लागतो, मी म्हटलं.
"मग लिही की."
अजून लिहिला नाही.

इनासची किल्ली मात्र मी काढली नाही.
तिच्यापुढं काही नाही. फेरी त्याच्यापाशी येते,
रिकामं बघते, न बोलता पुढं जाते.

जानेवारीत, धुकं पायरीवर बसलेलं असताना,
कतरीन आली, चौदा नंबरची किटली घेऊन.
सव्वातीन लिटर.
"नाव बदलू काय, बाय?"
तिनं झाकण दाबून बसवलं, कडी वाजली.
"किटली त्याचीच हाय न्हवं," म्हणाली,
"ऱ्हाऊ दे."